तिसऱ्या दिवसाची पट्टी

सर्जिकल वॉर्डातल्या माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर फार बोलत नसत. नवी मुलगी ड्यूटीवर आली की तिला तीनच गोष्टी सांगत. ट्रॉली आधी स्वच्छ जखमांकडे न्यायची, मग घाणेरड्या. चिमटा खाली पडला की तो मेला, उचलून पुसायचा नाही. आणि ऑपरेशनची पट्टी तिसऱ्या दिवसाआधी उघडायची नाही. वरून रक्तपाणी झिरपलं, ताप चढला किंवा पेशंट ठणक्यानं कळवळला तर गोष्ट वेगळी. "नाहीतर आत काय चाललंय ते बघायची तुला एवढी कसली घाई?" असं त्या विचारत. आत नक्की काय चाललेलं असतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढली. त्यातली चौदा ड्रेसिंग रूममध्ये, तीही उसाच्या पट्ट्यात. त्यामुळे पाय, नडग्या, बोटं, कोयत्याचे घाव हेच माझं जग. तिथं पहिली दोनतीन वर्षं माझी ख्याती होती ती साफसफाईसाठी. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की जखमेत फेस फसफसून वर यायचा आणि पेशंट, नातेवाईक, मी, सगळेच खूश व्हायचो. घाण निघतेय! हा फेस घाणीचा नसतो. रक्तात आणि मांसात एक द्रव्य असतं, ते पेरॉक्साइडला फोडतं, त्यातून प्राणवायू सुटतो आणि फेस येतो. अगदी स्वच्छ जखमेवर ओतलं तरी तो येणारच. त्यानंतर युसॉल. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिडचं हे पाणी पहिल्या महायुद्धाच्या काळात एडिंबरा विद्यापीठात निघालं, नावही तिथलंच, आणि आमच्याकडे ते बरण्या भरभरून बनायचं. युसॉलमध्ये भिजवलेलं गॉज जखमेत भरायचं, दुसऱ्या दिवशी ते वाळून कडक झालं की ओढून काढायचं. गॉजबरोबर लालसर काहीतरी उपटून यायचं आणि रक्त भळभळायचं. पेशंट पलंगाची दांडी घट्ट धरायचा. आम्ही म्हणायचो, रक्त आलं, म्हणजे जखम जिवंत आहे.

जे उपटून यायचं ती नवी भर होती. रोज थोडी उगवायची आणि रोज मी ती ओढून काढायचे. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर काही पेशंटांचे चेहरे आठवून वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. त्या काळी सगळीकडेच तसं चालायचं. पण १९६२ सालीच लंडनमध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या पाठीवरच्या वरवरच्या जखमा अर्ध्या उघड्या ठेवून आणि अर्ध्या प्लास्टिकनं झाकून दाखवलं होतं की झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमेवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं धरते. मी कामाला लागेपर्यंत त्या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये ती पोचली नव्हती. 'जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे' हे तर आजही घरोघरी ऐकू येतं.

आत काय चाललेलं असतं, ते मला पहिल्यांदा दिसलं एका निवृत्त गुरुजींमुळे. गणिताचे मास्तर, तालमीतलं शरीर, मधुमेह पंधराएक वर्षांचा. चैत्रात डोंगरावरच्या देवाला अनवाणी प्रदक्षिणा घातली. फरशी तव्यासारखी तापलेली. बरोबरचे लोक टाचांवर उड्या मारत सावलीला पळाले, गुरुजी शांतपणे पूर्ण फेरी मारून आले. लोकांना वाटलं, केवढी भक्ती. संध्याकाळी मोजा काढताना कातडीही निघून आली, तेव्हा कळलं की पाय बधिर आहेत. दहा ग्रॅम दाबाला वाकणारी नायलॉनची तार आम्ही तळव्याला टोचून विचारतो, "कळलं का?" गुरुजींना दहातल्या दोन जागी कळायचं. तिथं जखम झाली, आणि ती अंगठ्याच्या बुडाशी सात महिने तशीच राहिली. वाढेना, भरेना. कडा पांढऱ्या, जाड, आणि तळाशी पिवळट साय.

इतकी जुनी जखम म्हटल्यावर कॅन्सरची शंका काढून टाकायला सर्जननी कडेचा तुकडा तपासायला पाठवला. नमुन्याची बाटली पॅथॉलॉजीत मीच पोचवली आणि चार दिवसांनी रिपोर्टसाठीही मीच गेले, कारण गुरुजी रोज विचारत होते. तिथल्या एम. डी. करणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "कॅन्सर नाहीये, सिस्टर. बसा ना, तुमचा पेशंट बघायचाय?"

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुलाबी-जांभळ्या रंगाची गर्दी. मॅडम स्लाइड सरकवत दाखवत गेल्या. सगळीकडे बारीक ठिपके, प्रत्येकात तीन-चार जांभळ्या मण्यांची माळ: त्या न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींमधल्या पहिल्या धावून येणाऱ्या. आपली हाडं रोज यांचं सुमारे दहा हजार कोटींचं पीक काढतात. जखम झाली की काही तासांतच या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. जंतू गिळतात, जंतूंवर तिखट रसायनं सोडतात, आणि तिथंच मरतात. पुवाला जी हिरवट झाक असते, ती बऱ्याचदा यांच्याच पोटातल्या एका हिरव्या द्रव्याची. आम्ही नर्सेस पू म्हणजे जंतू असं धरून चालायचो. त्यात निम्म्याहून जास्त आपलेच मेलेले लोक असतात, हे डोक्यातच नव्हतं.

गावाकडे मात्र पुवाकडे बघण्याची दृष्टी वेगळी होती. काटा रुतला आणि निघाला नाही तर आजी गूळ-चुना लावून म्हणायची, "पिकू दे, आपोआप वर येईल." गळू पिकतं, काटा पिकतो. मराठीत फळाचं क्रियापद जखमेला लावलंय ते काही उगीच नाही. खेळताना खरचटलं की आम्ही दगडी पाला चोळून त्याचा रस लावायचो. चुरचुरायचं, पण तिसऱ्या दिवशी खपली घट्ट असायची. श्रेय अर्थातच पाल्याला. काट्याभोवती पेशी गोळा होताना सगळ्यात आधी नीट पाहिलं ते एका रशियन माणसानं, तेही इटलीत. १८८२ साली एली मेचनिकोव्ह मेसिनाला समुद्रकाठी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली. यानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत बागेतल्या गुलाबाचे काटे खुपसले आणि रात्र तळमळत काढली. सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. तारामाशाच्या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे या पेशी स्वतःहूनच चालत आल्या होत्या. त्यांच्या या 'खाण्या'वरून सगळा विषय उभा राहिला आणि १९०८ चं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिकला विभागून मिळालं. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, त्यात नवीन काय?

"आता ह्या बघा," मॅडम म्हणाल्या. न्यूट्रोफिलच्या गर्दीत अधूनमधून मोठ्या, फेसाळ अंगाच्या पेशी होत्या. मॅक्रोफेज. रक्तातून मोनोसाइट म्हणून येतात आणि मांसात उतरल्या की रूप बदलतात. साध्या, स्वच्छ जखमेत त्यांचं राज्य सुरू होतं साधारण दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस, तिसऱ्या दिवशी. त्या जंतूही खातात, पण त्यांचं मोठं काम निराळं आहे. लढून मेलेल्या न्यूट्रोफिलना त्या एकेक करून गिळतात. आणि हे गिळता गिळता स्वतः पालटतात. आधी 'आणखी माणसं पाठवा' असा गलका करणाऱ्या याच पेशी मग 'आता बास, बांधणारे येऊ देत' असा निरोप धाडू लागतात.

मी तिथं बसल्या बसल्या म्हणून गेले, "म्हणजे सावडतात." मॅडम मूळच्या मुंबईच्या, त्यांना अर्थ लागला नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. भावकी जमते, अस्थी वेचतात, जागा पाण्यानं धुतात. तोवर घरात कुणाचं कशात लक्ष नसतं, रडणं चालू असतं. सावडून आल्यावर मग कुणीतरी पुढच्या दिवसांचं बोलायला लागतं. मॅडमनी हे ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी टिपलं. शरीराचा तिसरा दिवस आणि आपला तिसरा दिवस जुळला हा योगायोगच, मी त्यातून काही सिद्ध करायला जात नाही. पण माझ्या डोक्यात ते तसंच बसलं ते बसलं.

सिॲटलच्या रसेल रॉस यांनी सहकाऱ्यांबरोबर गिनीपिगवर केलेले दोन प्रयोग मॅडमनी मला नंतर सांगितले. १९७२ साली गिनीपिगच्या न्यूट्रोफिल त्यांच्याविरुद्धच्या अँटिसीरमनं काढून टाकल्या. जखम स्वच्छ होती, ती ठरल्या वेळी भरली. १९७५ साली मॅक्रोफेज काढून टाकल्या; मेलेला कचरा जागीच साचून राहिला, बांधकाम करणाऱ्या पेशी उशिरा आणि थोड्या आल्या, जखम रखडली. लढणाऱ्यांविना एक वेळ भागतं, सावडणाऱ्यांविना भागत नाही, असं मी त्यातून घेतलं. जंतू भरलेल्या जखमेत अर्थात न्यूट्रोफिलविनाही भागत नाही. तिथं माणूस जिवाला मुकतो.

मग मॅडमनी दुसरी स्लाइड लावली, कुणा दुसऱ्याची, चांगल्या भरणाऱ्या जखमेची. ठिपके जवळजवळ गायब. सुताच्या टकळीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी ओळीनं लागलेल्या आणि त्यांच्यामधून फिकट गुलाबी धागे. त्या फायब्रोब्लास्ट, आणि धागे कोलॅजनचे. मधूनमधून नव्या केशवाहिन्यांच्या कमानी. जखमेच्या तळाशी जे लाल, डाळिंबाच्या दाण्यांसारखं आपण बघतो, ज्याला नुसता गॉज घासला तरी रक्त येतं, ते हेच. ते मी वर्षानुवर्षं ओढून काढत होते.

"दोन्ही शेजारी ठेवून बघा," मॅडम म्हणाल्या. "गुरुजींची जखम सात महिन्यांची आहे. पण काचेखाली ती दोन दिवसांची दिसते."

हे वाक्य घेऊन मी जिना उतरले. गुरुजींच्या पायात तिसरा दिवस उजाडलाच नव्हता. रक्तात साखर फार असली की न्यूट्रोफिल आळसावतात, नेमकं लढत नाहीत, पण येत मात्र राहतात. मॅक्रोफेज मेलेल्यांना पुरेसं उचलत नाहीत, त्यामुळे स्वतःही पालटत नाहीत, गलका चालूच. न्यूट्रोफिल सोडतात ती पाचक द्रव्यं आपलं-परकं ओळखत नाहीत; फायब्रोब्लास्टनं रात्री विणलेला धागा सकाळी उसवलेला. त्यात गुरुजी रोज बधिर पायावर भार देऊन बाजारात जायचे. दुखत नाही म्हटल्यावर माणूस थांबेल कशाला? दुखणं नसणं हे किती मोठं दुखणं आहे, हे कुष्ठरोग्यांच्या पायांवरून वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडनी जगाला पटवून दिलं. बोटं रोगानं झडत नाहीत, बधिरपणात रोजच्या वापरानं झिजतात. मधुमेहाच्या दवाखान्यात मिळणारी ती मऊ निळ्या रबराची चप्पल आली ती कुष्ठरोग्यांच्या वसाहतींतूनच.

गुरुजींच्या पलीकडच्याच बाकावर त्या हंगामात बीडकडची एक ऊसतोड बाई यायची. तिची गोष्ट उलटी. वय पंचविशीतलं, अंगात साखर नाही, रोग नाही. फडात पाचटावरून पाय घसरला आणि नवऱ्याचाच कोयता तिच्या नडगीवर बसला. हाड वाचलं. बारा टाके. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली तर जखम इतकी स्वच्छ की विद्यार्थिनींना दाखवावी. दोन्ही कडा चिकटलेल्या, किंचित फुगीर, किंचित ऊन. तिला त्या फुगीरपणाची काळजी. "बाई, सूज उतरायची गोळी द्या की." मी म्हटलं, "असू दे थोडी. ती कामावर आहे." तिला ते पटलं नाही. सुजेचं भय आपल्याकडे फार. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड निघतं आणि सूज खरंच उतरते. पण सूज उतरवणारं स्टेरॉइड मॅक्रोफेजनाही झोपवतं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं अशा गोळ्या खाणाऱ्या एका आजींची साधी खरचटलेली कोपरं दोन दोन महिने ओली राहिलेली मी बघितलीत, आणि त्यांना लालीही नसायची, ठणकाही नसायचा.

दहाव्या दिवशी बाईचे टाके काढले. काढताना मी सांगितलं, तीन आठवडे तरी फडात जाऊ नको. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं जमिनीकडे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, एक बसला तर राहतो अर्धा कोयता, आणि बसलेल्या दिवसाचा खाडा मुकादम कापून घेतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी आवाज चढवला नाही. पण आकडे माझ्याकडे होते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी शिवलेल्या कातडीत मूळच्या ताकदीच्या तीन टक्के वगैरेच ताकद असते. तिसऱ्या आठवड्यात वीसेक टक्के. तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास, आणि तिथंच थांबते. शंभर पुन्हा कधीच होत नाहीत. फायब्रोब्लास्ट आधी घाईघाईनं बारीक, कच्चे धागे टाकतात, आणि मग महिनोन्‌महिने ते काढून जाड, पक्के धागे ताणाच्या दिशेनं घालत राहतात. कातडी वरून बंद झाली म्हणजे आतलं संपलं असं डोळ्यांना वाटतं. कच्च्या शिलाईचं लुगडं नेसून फडात उतरण्यातला हा प्रकार.

बाई सोळाव्या दिवशी परत आली. मोळी उचलून ट्रॉलीच्या फळीवर चढताना नडगी मधोमध उसवली होती. टाके घालण्याजोगी राहिली नव्हती, उघडीच भरायला ठेवली. मला राग आला होता. तिचा नाही, पण समोर तीच होती, म्हणून तिच्यावरच निघाला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भरंल की बाई. भरायचं त्याचं काम हाय." मग तिनं विचारलं की हळद घातली तर चालेल का.

भरली ती. उघड्या जखमेतली एक गंमत मी तिच्या पायावर नीट बघितली. कडा दिवसाला मिलिमीटरहूनही कमी, पण रोज एकमेकींकडे सरकत होत्या. फायब्रोब्लास्टपैकी काही पेशी स्नायूंचा गुण उचलतात, अंगात आखडणारे धागे तयार करतात आणि जखम चारी बाजूंनी आत ओढतात. १९७१ साली ज्युलिओ गाबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओळखल्या. मी दर खेपेला प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर पेनानं जखमेची कड गिरवायचे. पाच कागद एकावर एक ठेवले की गावाच्या नकाशासारखी जखम लहान लहान होत गेलेली दिसायची. हे ओढणं सांध्यावरच्या भाजलेल्या जखमेत फार झालं तर कोपर वाकडं राहतं, आणि काहींच्या कानाच्या पाळीवर, छातीवर या पेशी थांबतच नाहीत, टोचल्याच्या जागी बोराएवढी गाठ वाढते. थांबणं हेही त्यांचं कामच. काहींना ते जमत नाही.

ओल्या जखमेवर पट्टी बांधता बांधता मी बाईला रोज काय खातेस विचारायचे. भाकरी, ठेचा, कधी डाळ. मी लिंबू आणि पेरू सांगितला. सी जीवनसत्त्वाविना फायब्रोब्लास्टचा धागा पीळ धरत नाही. १९३९ मध्ये बोस्टनच्या जॉन क्रँडन नावाच्या तरुण सर्जननं हे स्वतःवर करून पाहिलं होतं: सी जीवनसत्त्व पूर्ण बंद केलं, तीन महिन्यांनी पाठीवर जखम करवून घेतली ती भरली, सहा महिन्यांनी पुन्हा करवली ती भरेना. आणि त्याच्याही आधी, १७४० च्या दशकात, इंग्रज दर्यासारंग अॅन्सनच्या आरमारात सी जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारी स्कर्व्ही पसरली तेव्हा एका म्हाताऱ्या खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली, कधीच भरून गेलेली जखम पुन्हा उघडली होती. म्हणजे व्रण ही मेलेली खूण नव्हे. तिथं आयुष्यभर कोणीतरी धागे काढतंय आणि घालतंय. विणणारा उपाशी पडला की फक्त काढणाराच उरतो.

मार्चअखेर पट्टा पडला, हंगाम संपला आणि बाईची टोळी गावी गेली. शेवटच्या कागदावरची जखम करंगळीच्या नखाएवढी होती.

गुरुजींना सर्जननी थिएटरमध्ये नेलं. पांढरी कड, पिवळी साय, सगळं खरवडून काढलं, निरोगी मांसातून ताजं रक्त येईपर्यंत. साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं आणि त्या पायावर भार बंद. काठी बिठी नाही, सरळ वॉकर. गुरुजींना वाटलं, सात महिन्यांची जखम आणखी मोठी करून ठेवली. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, गणित चुकलं की तुम्ही काय करायचात? पाटी पुसून पहिल्यापासून." त्यांना ते आवडलं. जुनी, अडकलेली जखम नव्यानं ताजी करायची, म्हणजे पहिला दिवस पुन्हा सुरू होतो. या वेळी तिसरा उजाडेल, एवढीच आशा.

तिसऱ्या दिवशी मी पट्टी उघडली, कोमट सलाइननं भिजवून, एकही धागा न ओढता. जागा लालसर, ओली, साय नाही. दाणे नाहीत. गुरुजींनी विचारलं, "काही दिसतंय?" मी म्हटलं, "अजून नाही." पेरॉक्साइडची बाटली त्या ट्रॉलीवर नव्हतीच, मी ती ठेवणं बंद केलं होतं. सहाव्या दिवशीही तेच. नवव्या दिवशी कडेला लागून, मोहरीएवढे, चकचकीत लाल ठिपके.

"किती?" गुरुजींनी विचारलं.

"सात."

उशाशी साखरेच्या आकड्यांची वही होती. त्या दिवशीच्या आकड्याशेजारी त्यांनी ७ लिहिला, खाली रेघ ओढली, आणि मी पट्टी बांधून होईपर्यंत पेन हातातच धरून ठेवलं.